हातमोजे खुंटीवर का राहतात

नाशिकहून दिंडोरीकडे निघालं की म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ लागतं. त्याच रस्त्याने पुढे गेलं की द्राक्षबागा सुरू होतात. माणूस स्वतःच्या तब्येतीसाठी एखादी गोष्ट का करतो आणि का करत नाही, यावर गेल्या सत्तर वर्षांत डझनावारी सिद्धांत मांडले गेले. ते वर्गात एकामागून एक शिकवले जातात, परीक्षेत एकेकावर प्रश्न येतो. बागेत मात्र माणूस एकच असतो आणि ते सगळे सिद्धांत एकाच वेळी त्याच्याबद्दल बोलत असतात. त्यांना एकत्र कसं ऐकायचं, हे एका छोट्या गोष्टीवरून बघू.

नवरात्राच्या आगेमागे निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, जोरात असते. बागेच्या कडेला मोटारीची खोली. आत दोनशे लिटरचा ड्रम, मापाचं भांडं, ढवळायची काठी, फळीवर औषधाच्या बाटल्या. भिंतीला खुंटी आणि खुंटीला रबरी हातमोज्यांची जोडी. जवळ जाऊन पाहिलं तर मोज्यांवर धूळ बसलेली असते आणि न वापरल्यामुळे बोटांच्या टोकांशी रबर आतून एकमेकांना चिकटलेलं असतं. औषध कालवणारा मात्र उघड्या हाताने बाटलीचं सील काढतो, माप भरतो आणि ड्रमात ओततो.

यावरचं ठरलेलं उत्तर म्हणजे 'जागृती नाही'. ते बहुतेक वेळा चुकीचं असतं. हाच माणूस लेकराला बाटल्यांच्या आसपास फिरकू देत नाही, फळीला कुलूप लावतो, जेवायच्या आधी दोनदा साबणाने हात धुतो. बाटलीवरचा त्रिकोण लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा, हेही अनेकांना ठाऊक असतं. विष आहे हे त्याला कळतं. त्याला नेमकं काय कळत नाही आणि कळूनही काय अडतं, हा खरा प्रश्न आहे.

इथे सगळ्यात जुना सिद्धांत कामाला येतो. 1950 च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने क्षयरोगासाठी छातीचा एक्स-रे फुकट, अगदी दाराशी आणून ठेवला, तरी पुष्कळ लोक आले नाहीत. गॉडफ्री हॉकबॉम, इर्विन रोझेनस्टॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं कारण शोधताना आरोग्य-श्रद्धा प्रतिमान उभं केलं. हे मला होऊ शकतं का, झालं तर कितपत गंभीर, उपायाचा फायदा किती आणि अडचण किती, असा तो मनातला हिशोब. हा हिशोब बागेत मांडला की एक फार नेमकी गोष्ट हाती लागते. फवारणीला निघालेला जवळजवळ प्रत्येकजण तोंडाला रुमाल बांधतो. म्हणजे धोका मानतो, पण तो नाकातून येतो असं मानतो, कारण वास येतो. प्रत्यक्षात या कामात औषध अंगात जातं ते मुख्यतः कातडीवाटे, आणि सगळ्यात जास्त जोखीम असते कालवताना, कारण तेव्हा हाताशी असतं ते पाणी न मिसळलेलं, दाट औषध. रुमालाचं म्हणाल तर तो तुषारांनी ओला झाला की तेच औषध तोंडाशी धरून ठेवतो. 'विष आहे, जपा' हे सांगण्यात काहीच नवं नाही. 'ते हातातून जातं' हे सांगण्यात आहे. संध्याकाळी डोकं दुखलं, मळमळलं की 'ऊन लागलं' म्हणून विषय संपतो. तो संपू नये यासाठीसुद्धा हेच वाक्य लागतं.

पण हा हिशोब पटलेला माणूसही मोजे घालत नाही, तेव्हा या प्रतिमानाकडे बोलायला फारसं उरत नाही. अडचण म्हणून एक रकाना त्यात आहे, पण रकान्यात काय भरायचं ते दुसरीकडून आणावं लागतं.

इसेक आइझेन यांचा नियोजित वर्तनाचा सिद्धांत, ज्याची सविस्तर मांडणी 1991 ची, तीन गोष्टी विचारतो. हे करणं मला कसं वाटतं, माझ्या जवळच्यांना कसं वाटेल, आणि हे माझ्या हातात कितपत आहे. त्यातून इरादा बनतो आणि इराद्यातून कृती. बागेत दुसरा प्रश्न फार बोलका ठरतो. मालक स्वतः कालवताना उघड्या हाताने कालवत असेल, तर त्याच्या बागेत कामाला आलेल्या पोराने मोजे मागणं म्हणजे मालकापेक्षा जास्त जिवाला जपणं. ते कोण मागणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कामाच्या पद्धतीत आहे. पेठ, सुरगाणा, हरसूलकडून येणाऱ्या टोळ्या पुष्कळदा उक्त्याने, एकराच्या हिशोबाने काम घेतात. दर एकरामागे. मोज्याने हात मंदावला तर मंदावलेल्या वेळाचे पैसे टोळीच्याच खिशातून जातात. हे मनाचं दुबळेपण नाही, सरळ गणित आहे. ते बदलायचं तर मुकादमाशी आणि मालकाशी दराचं बोलावं लागेल, मजुराशी आरोग्याचं नव्हे.

अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये आत्मक्षमतेची कल्पना मांडली. 'हे मला जमेल' हा विश्वास, आणि तो येतो मुख्यतः स्वतः करून जमल्यामुळे आणि आपल्यासारख्या दुसऱ्याला जमलेलं पाहिल्यामुळे. या कल्पनेचं पुस्तकी भाषांतर करून 'आत्मविश्वास वाढवा' असं सांगणं निरुपयोगी आहे. बागेत तिचा अर्थ फार साधा आहे. मोठ्या मापाच्या मोज्याने बाटलीचं सील निघत नाही, मापाच्या रेघेवर हात स्थिर राहत नाही, बाटली निसटते. दोनदा निसटली की माणूस ठरवून टाकतो की मोज्यात काम होत नाही. उपाय म्हणजे बोटाला बसणारा, कोपराकडे चढणारा नायट्राइल रबराचा मोजा, आणि पहिल्यांदा साध्या पाण्याने भरलेल्या बाटलीवर पाच-सहा वेळा सराव. द्राक्षाच्या घडांचं डिपिंग, म्हणजे घड औषधात बुडवणं, बऱ्याच ठिकाणी बाया करतात आणि पुरुषी मापाचे मोजे त्यांच्या हातात पिशवीसारखे लोंबतात. त्यांच्या मापाची जोडी आणून ठेवली नसेल, तर त्यांनी मोजे घातले नाहीत ही तक्रार करण्याचा कुणालाच अधिकार नाही.

भीतीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण प्रचार करणारे सगळ्यात आधी भीतीकडे धावतात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावरच्या फवारणीत विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसं दगावली. त्या घटनेची आठवण देऊन आजही भाषणं होतात. किम विटे यांनी 1992 मध्ये भीतीच्या संदेशांवर जी मांडणी केली ती इथे अगदी जुळते. धोका मोठा वाटला आणि सोबत जमण्यासारखा उपाय दिसला, तर माणूस धोका आवरायला लागतो. धोका मोठा वाटला पण उपाय आवाक्यात दिसला नाही, तर तो भीती आवरायला लागतो. 'आमची कातडी राबून राबून निबर झालीय', 'इतकी वर्षं मारतोय, काय झालं?' ही वाक्यं अज्ञानाची नाहीत, भीती आवरण्याची आहेत. अशा वेळी आणखी घाबरवलं तर वाक्यं आणखी पक्की होतात. मोजे हातात द्यावेत, घालून दाखवावेत, आणि धोक्याचं मग बोलावं.

आता इरादा आणि कृती यांमधली फट. थॉमस वेब आणि पास्कल शीरन यांनी 2006 मध्ये 47 प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. इराद्यात मध्यम ते मोठा बदल घडवला, तरी वागण्यात लहान ते मध्यमच बदल होतो, असं त्यातून निघालं. जनजागृतीच्या कार्यक्रमानंतर 'आता नक्की घालणार' म्हणणारे सगळे खरंच बोलत असतात, आणि तरी आठवड्याने मोजे खुंटीवरच असतात. पीटर गोलविट्झर यांचा उपाय असा, की इरादा 'जेव्हा-तेव्हा' च्या साच्यात बांधायचा. 'मोजे घालणार' असं नाही, तर 'बाटलीच्या बुचाला हात लावायच्या आधी मोजे'. आणि त्याला जोडून वस्तूची जागा बदलायची. मोजे खुंटीवरून काढून मापाच्या भांड्यात ठेवायचे. भांडं उचललं की मोजे हातात येतातच. आठवण माणसाच्या डोक्यावर सोपवण्यापेक्षा भांड्यावर सोपवलेली बरी.

सवयीचं गणितही लक्षात घ्यावं लागतं. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या 2010 च्या अभ्यासात रोजची एखादी साधी कृती आपोआप होऊ लागायला मध्यम हिशोबाने 66 दिवस लागले, पण माणसागणिक तो आकडा 18 ते 254 इतका पसरलेला होता. छाटणीनंतर डाऊनी आणि भुरी या रोगांच्या भीतीने फवारण्या अगदी पाठोपाठ होतात, पुढे त्या विरळ होतात, आणि मजूर तर मधेच दुसऱ्या बागेत गेलेला असतो. मजुराच्या सवयीवर भिस्त ठेवली तर ती सवय लागण्याआधीच माणूस बदलतो. कालवण्याचं काम शक्यतो प्रत्येक बागेत एकाच, कायमच्या माणसाकडे असावं, याचं एक कारण हेच.

प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे यांचं टप्प्यांचं प्रतिमान, 1983 चं, सिगारेट सोडणाऱ्यांच्या अभ्यासातून आलेलं, इथे मला फारसं उपयोगी वाटत नाही. सहा महिन्यांत बदलायचा विचार आहे का, महिनाभरात आहे का, हे प्रश्न व्यसनाला शोभतात. औषध कालवायला बसलेल्या माणसापुढे महिना नसतो, दोन मिनिटं असतात. सिद्धांत एकत्र करायचे म्हणजे सगळेच घ्यायचे असं नव्हे, काही बाजूला ठेवता आले पाहिजेत.

आणि इथेच एकत्रीकरणाचा मुद्दा येतो. पुष्कळ अभ्यासांत एकत्रीकरण म्हणजे बेरीज असते. या सिद्धांतातले चार घटक, त्यातले तीन, तिसऱ्यातले पाच, सगळ्यांचे बाण काढून एक मोठी आकृती, आणि मग ऐंशी प्रश्नांची प्रश्नावली. उत्तरं देणारा विसाव्या प्रश्नाला कंटाळतो आणि पुढे सगळीकडे 'सहमत' वर खूण करतो. शिवाय वेगवेगळ्या नावांखाली तेच ते घटक दोनदा मोजले जातात. आइझेन यांचं 'माझ्या हातात आहे' आणि बांडुरा यांचं 'मला जमेल' यांत इतकं साम्य आहे की दोन्ही एकत्र टाकली तर एक दुसऱ्याचा परिणाम झाकून टाकतं.

शहाणी वाट 1991 मध्येच दिसली होती. एड्सच्या साथीच्या काळात अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने फिशबाइन, बांडुरा, बेकर, कॅनफर आणि ट्रायंडिस या पाच वेगवेगळ्या परंपरांच्या जाणकारांना एकत्र बसवलं. त्यांनी आठ घटकांवर एकमत केलं आणि, महत्त्वाचं म्हणजे, त्यांना सारखं वजन दिलं नाही. कृती घडायला तीनच गोष्टी थेट लागतात: पक्का इरादा, लागणारं कौशल्य, आणि आडवी न येणारी परिस्थिती. बाकीचे पाच घटक म्हणजे फायद्या-तोट्याचा विचार, लोक काय म्हणतील, स्वतःबद्दलची प्रतिमा, भावना आणि आत्मक्षमता. हे पाचही इराद्याच्या मागे उभे असतात. म्हणजे आधी तीन दारं ठोठावायची. इराद्याचंच दार बंद असेल तरच मागच्या पाचांकडे जायचं. पुढे 2011 मध्ये सुझन मिची आणि सहकाऱ्यांनी आधीच्या 19 चौकटी तपासून क्षमता, संधी आणि प्रेरणा अशी तीन पायांची जी मांडणी केली, ती याच्याशी बरीच जुळते. बागेच्या कामाला मला ही तिपेडी मांडणी पुरेशी वाटते.

ती वापरताना पहिली पायरी म्हणजे वागणं नीट बारीक करून सांगणं. 'सुरक्षित फवारणी' हे एक वागणं नाहीच. कालवणं वेगळं, ब्लोअर चालवणं वेगळं, नोझल तुंबलं की ते तोंडाने फुंकणं वेगळं, फवारल्यानंतर ओल्या बागेत लगेच शिरणं वेगळं, औषधाचे कपडे घरच्या कपड्यांत धुणं वेगळं. प्रत्येकाचं अडणं निराळं आहे. किट वाटणारे हे सगळं एका पिशवीत घालतात: मोजे, चष्मा, मास्क, डोक्यापासून पायापर्यंत प्लॅस्टिकचा पोशाख. ऑक्टोबरच्या उन्हात तो पोशाख पाव तास अंगावर ठेवला तर घेरी येते, माणूस तो फेकतो, आणि त्याच्याबरोबर मोजेही फेकले जातात. एकच वागणं आधी निवडायचं असेल तर मी दाट औषध कालवताना मोजे हेच निवडीन. जोखीम सगळ्यात दाट तिथेच आहे आणि काम काही मिनिटांचंच आहे.

दुसरी पायरी म्हणजे अडलंय कुठे हे विचारणं. यासाठी 'मोजे वापरता का?' हा प्रश्न टाकाऊ आहे, त्याला सगळे 'हो' म्हणतात. 'मागच्या फवारणीला औषध कोणी कालवलं आणि तेव्हा हातात काय होतं?' असं विचारावं. मग मोजे बघायला मागावेत. आतून ओलसर, वास येणारे मोजे दिसले तर सावध व्हावं. औषधाने भरलेल्या हातावर मोजा चढवला किंवा मनगटातून औषध आत गेलं, तर ते कातडीला घट्ट चिकटून राहतं आणि उघड्या हातापेक्षा जास्त मुरतं. असा मोजा घालणारा माणूस नोंदीत 'वापरतो' म्हणून जमा होतो आणि प्रत्यक्षात जास्त धोक्यात असतो. त्याला प्रेरणेची गरज नाही, कौशल्याची आहे: मोजे काढायच्या आधी हातातच साबणाने धुणं, मग काढून उलटे वाळत घालणं, चीर दिसली की टाकून देणं.

कौशल्याची आणखी एक बारीक गोष्ट द्राक्षालाच लागू पडते. हात खाली ठेवून काम असेल तर सदऱ्याची बाही मोज्याच्या बाहेरून येऊ द्यावी, म्हणजे ओघळ मोज्यात शिरत नाही. पण मंडपाखाली हात वर करून काड्यांना पेस्टिंग करायचं, म्हणजे औषध फासायचं असतं तेव्हा उलटं. बाही मोज्याच्या आत खोचायची आणि मोज्याची कड बाहेर दुमडून पन्हाळ करायची, नाहीतर ओघळ कोपरावरून थेट काखेत जातो. मंडपाखालचं काम ज्याने पाहिलंय त्याला हे लगेच पटतं.

पेस्टिंगचा विषय निघालाच आहे तर खऱ्या अज्ञानाचं उदाहरणही इथलंच. काडीवरचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून छाटणीनंतर हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते कातडीला जाळतं, पण त्याहून वेगळी गोष्ट म्हणजे ते शरीरात दारू पचवणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) अडवतं. काम झाल्यावर त्या दिवशी, किंवा पुढच्या काही दिवसांत, थोडी जरी दारू घेतली तरी चेहरा लालभडक होतो, छाती धडधडते, दम लागतो, रक्तदाब खाली येतो. सायनामाइड काही देशांत दारू सोडवण्याचं औषध म्हणून वापरलं गेलं ते याच गुणामुळे. हे पुष्कळांना खरोखरच माहीत नसतं, आणि त्रास झाला की दारूच खराब होती असं समजलं जातं. इथे ज्ञान नसणं हाच अडथळा आहे, एक वाक्य जीव वाचवू शकतं, आणि ते पेस्टिंगच्या आदल्या दिवशी मुकादमाने टोळीला सांगायला हवं, कारण कामाआधीचे तासही यात मोडतात. लेबलावर मुदत लिहिलेली असते, ती मोठ्याने वाचून दाखवावी. एकाच बागेत, एकाच आठवड्यात, एका वागण्याला माहिती पुरते आणि दुसऱ्याला ती अजिबात पुरत नाही. एकाच सिद्धांतावर श्रद्धा ठेवणाऱ्याला यातलं एक नेहमी निसटतं.

परिस्थितीचं दार किती जड असतं याचा पुरावाही इथेच आहे. 2010 मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या संजीवकाचे अंश सापडले, माल अडला, बागायतदारांना मोठा फटका बसला. आज निर्यातीची बाग असलेला शेतकरी शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंतचे दिवस काटेकोर मोजतो, फवारणीची तारीख, औषध, प्रमाण वहीत लिहितो, रेसिड्यूचा, म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या तपासणीचा, नमुना प्रयोगशाळेत जाऊ देतो. त्याची श्रद्धा बदलली का? थोडी बदललीही असेल. पण मुख्य म्हणजे पॅकहाऊस, प्रयोगशाळा, खरेदीदार, सगळे त्या वागण्याभोवती उभे राहिले. खाणाऱ्याच्या पोटात जाणारा अंश मोजणारी माणसं आहेत, औषध मारणाऱ्याच्या कातडीत जाणारा अंश मोजणारं कोणी नाही. हाच शेतकरी, हीच बाग, हेच औषध. दोन वागण्यांतला हा फरक मनोवृत्तीने समजावता येत नाही, आणि तो मजुराच्या माथी मारणं तर मला सरळ अन्याय वाटतो.

म्हणून मोज्यांचं काम बाहेरून आत यावं. कृषी सेवा केंद्रात लाल-पिवळ्या त्रिकोणाच्या बाटलीबरोबर दोन मापांचे मोजे समोरच ठेवलेले असावेत. उक्त्याचा दर ठरवताना मोज्याने लागणारा वेळ धरलेला असावा. मालकाने पहिल्या फवारणीला स्वतः मोजे घालून कालवावं, टोळीसमोर. निर्यातीची फवारणी-वही तर आहेच, तिच्यात एक रकाना वाढवावा: कालवलं कोणी आणि मोजे होते का. नुसता रकाना खोटा भरला जाईल, हे उघड आहे. म्हणून नमुना घ्यायला किंवा बाग बघायला जो येतो त्याने वही उघडण्याआधी मापाच्या भांड्यात हात घालून मोजे बाहेर काढावेत, ते वापरलेले आहेत का, आतून कोरडे आहेत का, बोटं फाटलेली नाहीत ना, एवढं पाहावं आणि मगच त्या रकान्यावर सही करावी.